टिटवाळ्याची शकुंतला आणि जातकातील मोळीवाली

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, भातसा नदीच्या खोऱ्यात वाशिंद हे गाव वसले आहे. येथून कल्याणकडे निघाले की खडवलीनंतर टिटवाळा लागते. उलट दिशेने कसाऱ्याचा घाट ओलांडला की नाशिकची वाट सुरू होते. पश्चिमेकडे तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी आहे, भिवंडीजवळ लोनाडचे लेणे आहे, आणि मुरबाड तालुक्याच्या टोकाला नाणेघाट आहे. शहापूर-मुरबाडचा बौद्ध उपासक अशा रीतीने चहू बाजूंनी देवस्थानांनी, त्यांच्या दंतकथांनी आणि त्याच वेळी प्राचीन शिलालेखांनी वेढलेला आहे. दंतकथा त्याच्या कानावर रोज पडतात. शिलालेख मात्र त्याला क्वचितच कोणी वाचून दाखवतो.

अंगारकी चतुर्थीला टिटवाळ्याला जाणाऱ्या गर्दीविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. आमचा प्रश्न वेगळा आहे. देवस्थानाची कथा जेव्हा श्रद्धेचा प्रांत सोडून इतिहास म्हणून सांगितली जाते, शाळकरी मुलांच्या सहलीत, मंदिराबाहेर मिळणाऱ्या माहात्म्य-पुस्तिकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत प्राचीन काळी येथे असे घडले म्हणून छापली जाते, तेव्हा तिला इतिहासाचे आणि वाङ्मयाचे निकष लावण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला प्राप्त होतो. प्रस्तुत लेखात आम्ही हे निकष प्रथम टिटवाळ्याच्या कथेला, नंतर आसपासच्या इतर कथांना आणि शेवटी आपल्या बाजूने केल्या जाणाऱ्या दाव्यांनाही लावणार आहोत.

कथा आणि तिचे आधार

टिटवाळ्याची कथा थोडक्यात अशी सांगितली जाते. काळू नदीच्या काठी कण्व मुनींचा आश्रम होता. त्यांची मानसकन्या शकुंतला हिचा दुष्यंत राजाशी गांधर्व विवाह झाला. राजा राजधानीस परत गेला. त्याच्या विचारात मग्न असलेल्या शकुंतलेचे आश्रमात आलेल्या दुर्वास ऋषींकडे दुर्लक्ष झाले आणि ऋषींनी शाप दिला की, तू ज्याचे चिंतन करीत आहेस तो तुला विसरेल. तेव्हा कण्वांनी तिला गणेशाचे मंदिर बांधून त्याची आराधना करण्यास सांगितले. तिने तसे केले, आणि तिला तिचा पती परत मिळाला. पुढे ते मंदिर तळ्याच्या गाळात गडप झाले. माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्यातील गाळ काढताना मूर्ती सापडली आणि रामचंद्र मेहेंदळे यांनी मंदिर उभारले.

या कथेचे दोन भाग आहेत. दुसरा भाग थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीशी, म्हणजे १७६१ ते १७७२ या काळाशी जोडलेला आहे. त्या काळात कोकण आणि देशावर अनेक देवालये बांधली गेली. त्यामुळे पेशवाईत येथे मंदिर उभे राहिले, या विधानात अशक्य असे काही नाही. वादाचा विषय पहिला भाग आहे, कारण पेशवाईतील एका मंदिराला तो महाभारतकाळाइतके प्राचीनत्व बहाल करतो.

आता मूळ आधार पाहू. शकुंतलेचे आख्यान महाभारताच्या आदिपर्वात आहे. तेथे कण्वांचा आश्रम मालिनी नदीच्या काठी, हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात आहे. कालिदासानेही आपल्या नाटकात हीच मालिनी कायम ठेवली आहे. दुष्यंताची राजधानी हस्तिनापूर. शिकारीला निघालेला हस्तिनापूरचा राजा सह्याद्री उतरून काळू नदीच्या काठी येतो, असे दोहोंपैकी एकाही ग्रंथात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, महाभारतातील आख्यानात दुर्वासाचा शाप नाही, हरवलेली अंगठी नाही आणि गणेशपूजाही नाही. शाप आणि विस्मरण ही कालिदासाच्या नाटकाची योजना आहे. टिटवाळ्याच्या कथेत मात्र शाप आहे. याचा अर्थ उघड आहे. ही कथा आज ज्या रूपात सांगितली जाते ते रूप महाभारतावर आधारलेले नसून कालिदासावर आधारलेले आहे, आणि म्हणून ते कालिदासाच्या आधीचे असू शकत नाही. जी कथा मंदिराला महाभारतकाळात नेऊ पाहते, तिच्याच अंगावर पुढच्या काळाची खूण आहे.

स्थलपुराण कसे घडते, हे येथे स्पष्ट दिसते. एखाद्या देवस्थानाला प्रतिष्ठा हवी असते. सर्वांच्या परिचयाची एखादी मोठी कथा निवडली जाते, तिचा भूगोल उचलून गावात आणला जातो आणि कथेतील संकटाच्या जागी स्थानिक देवतेची कृपा बसवली जाते. कथेचा सांगाडा बाहेरचा, शेवट मात्र स्थानिक. अशी स्थलपुराणे भारतभर शेकड्यांनी आहेत. टिटवाळ्याचे त्याहून वेगळे काही नाही.

राजाचा दोष कोठे गेला?

परंतु केवळ भूगोलाची चूक दाखवून थांबणे ही वरवरची चिकित्सा होईल. आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न नीतीचा आहे. या कथेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत अपराध कोणाच्या माथी पडतो, हे पाहिले पाहिजे.

महाभारतातील शकुंतला मुलाला घेऊन भरदरबारात उभी राहते आणि राजाला त्याच्या वचनाची आठवण देते. राजाला सर्व काही आठवत असते, तरीही तो तिला ओळखत नाही असे म्हणतो आणि तिला वाईट शब्दांत हिणवतो. शकुंतला गप्प बसत नाही. सत्य, पत्नी आणि पुत्र यांच्याविषयी ती राजाला सडेतोड सुनावते. शेवटी आकाशवाणी तिची बाजू खरी असल्याचे सांगते, तेव्हा राजा तिचा स्वीकार करतो आणि कबूल करतो की, केवळ तिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी संशय घेतला असता. म्हणजे येथे राजा जाणूनबुजून खोटे बोलतो, आणि लोकापवादाचे भय हे त्या खोटेपणाचे कारण आहे.

कालिदासाने हा डाग पुसला. दुर्वासाचा शाप आणून त्याने राजाला निर्दोष केले; राजा खोटे बोलत नाही, तो खरोखरच विसरला आहे. उलट ऋषीचा अनादर केल्याबद्दल दोषाचा काही भाग शकुंतलेकडे वळला. नाटक म्हणून ती योजना किती कुशल आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहिले तर जो प्रश्न स्त्रीने भरदरबारात राजाला विचारला होता, तो प्रश्नच नाहीसा झाला.

टिटवाळ्याच्या कथेत आणखी एक पाऊल पुढे टाकले जाते. आता शकुंतलेने राजाला जाब विचारावयाचा नाही. तिने मंदिर बांधावयाचे, व्रत करावयाचे आणि वाट पाहावयाची. पती परत मिळाला तर ती देवाची कृपा. न्यायाची मागणी नवसात विरघळून जाते. आजही पती-पत्नींमधील दुरावा मिटावा म्हणून या देवाला नवस बोलला जातो. ज्या स्त्रीला सोडून दिले आहे तिला नवस बोलण्यास सांगणे आणि ज्याने सोडले त्याला एक शब्दही न विचारणे, हा या कथेचा व्यवहारातील परिणाम आहे. आमचा मुख्य आक्षेप या परिणामावर आहे. मालिनी की काळू हा वाद त्यापुढे गौण आहे.

कट्ठहारी

आता याच कथेची एक बहीण पाहू. पालि जातकसंग्रहातील सातवे जातक कट्ठहारी जातक या नावाने ओळखले जाते. कट्ठहारी म्हणजे लाकडे वाहणारी, आपल्या बोलीत मोळीवाली. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त उद्यानात फिरत असताना त्याला एक स्त्री दिसते. ती गाणे गात वनात काटक्या वेचीत असते. राजा तिच्यावर अनुरक्त होतो. ती गरोदर राहते तेव्हा तो तिला आपल्या बोटातील मुद्रिका देतो आणि सांगतो की, मुलगी झाली तर ही मोडून तिचे पालनपोषण कर, मुलगा झाला तर मुद्रिका आणि मुलगा घेऊन माझ्याकडे ये. तिला मुलगा होतो; तोच बोधिसत्त्व. सवंगडी त्याला बिनबापाचा म्हणून चिडवतात. आई त्याला घेऊन राजवाड्यात जाते. राजा तिला ओळखतो, परंतु दरबाराच्या लाजेने हा माझा मुलगा नव्हे असे म्हणतो. मुद्रिका दाखवली तर तीही माझी नव्हे म्हणतो. तेव्हा ती स्त्री म्हणते की, आता सत्याखेरीज माझा कोणी साक्षीदार नाही. आणि सच्चकिरिया करून मुलाला आकाशात फेकते. मूल अधांतरी पद्मासन घालून बसते आणि पित्याला धम्म सांगते. राजा हात पसरून त्याला झेलतो, मुलाला उपराजा करतो आणि मोळीवालीला राणी करतो.

महाभारतात नसलेली मुद्रिका येथे आहे. कालिदासाच्या नाटकातही ती आहे. यावरून कालिदासाने ती जातकावरून घेतली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो मोह आवरला पाहिजे. जातकांच्या गद्य अट्ठकथेला आजचे रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास सिंहलद्वीपात मिळाले असे मानले जाते. जातककथा त्याहून पुष्कळ जुन्या आहेत, कारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर अनेक जातके नावांसह कोरलेली आढळतात. परंतु एका विशिष्ट कथेतील एक विशिष्ट तपशील किती जुना, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून एवढेच म्हणणे सुरक्षित आहे की, सोडून दिलेली स्त्री, खूण म्हणून दिलेली मुद्रिका आणि नाकबूल करणारा राजा ही कथा प्राचीन भारतात अनेक मुखांनी सांगितली जात होती, आणि कोणत्याही एका परंपरेची तिच्यावर मक्तेदारी नव्हती.

फरक कोठे आहे, तो मात्र ठामपणे सांगता येतो. महाभारतातील शकुंतला अप्सरेची आणि विश्वामित्राची कन्या आहे. तिचे कूळ कथेतच सांगून ठेवलेले आहे. जातकातील स्त्रीला कूळ नाही, नावही नाही. तिची ओळख तिच्या श्रमाने होते. तिच्या बाजूने आकाशवाणी होत नाही, ऋषी उभा राहत नाही, देव धावून येत नाही. तिच्यापाशी फक्त तिच्या बोलण्याची सत्यता आहे, आणि त्या सत्याच्या बळावर ती राजाला खोटे ठरवते. राजाला शापाची पळवाट मिळत नाही. त्याने लाजेपोटी खोटे सांगितले, असे कथा सरळ म्हणते.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला मोळीवाली कोण हे समजावून सांगावे लागत नाही. कातकरी आणि ठाकूर स्त्रियांनी रानातून डोक्यावरून मोळ्या आणून बाजाराच्या गावी विकाव्यात, हे दृश्य या तालुक्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. स्थलपुराणाने या मातीत हस्तिनापूरची राणी आणून बसवली. येथे प्रत्यक्ष वावरणारी स्त्री त्याला दिसली नाही. जातकाने मात्र तिलाच कथेची नायिका केले.

जातकाचीही चिकित्सा

येथे थांबून आपले ते सर्व श्रेष्ठ असा निष्कर्ष काढला, तर आम्हीही माहात्म्य लिहिल्यासारखे होईल. म्हणून या जातकाची निमित्तकथाही तपासली पाहिजे.

कोसलराज पसेनदीने शाक्यांकडे कन्येची मागणी केली. शाक्यांना आपल्या कुळाचा गर्व होता. त्यांनी महानाम शाक्याला नागमुंडा या दासीपासून झालेली वासभखत्तिया ही कन्या राजकन्या म्हणून दिली. पुढे हे उघडकीस आले तेव्हा राजाने तिचे आणि तिचा मुलगा विडूडभ याचे मानसन्मान काढून घेतले. तथागत राजवाड्यात आले, त्यांनी हे जातक सांगितले आणि राजाने दोघांना पूर्वपदी बसवले. दासीच्या लेकीची बाजू घेऊन तथागत राजापुढे उभे राहतात, ही घटना मोठी आहे.

परंतु अट्ठकथेत या प्रसंगी जो युक्तिवाद तथागतांच्या तोंडी घातला आहे, त्यात मातेच्या कुळाला महत्त्व नाही, पित्याचे कूळ प्रमाण, असा सूर आहे. हा युक्तिवाद त्या स्त्रीला वाचवतो, पण कूळ हे मोजमाप मोडत नाही. ते केवळ आईकडून बापाकडे सरकवतो. याच्या तुलनेत सुत्तनिपातातील वसलसुत्त पाहावे. जन्माने कोणी वृषल होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्मानेच होतो, ही तेथील शिकवण कुळाचे मोजमापच फेकून देते. अट्ठकथाकारांच्या काळात समाजातील पितृकुळाची कल्पना कथेत शिरली असावी, असे आम्हास वाटते. बौद्ध वाचकाने जातक वाचताना सुत्ताला प्रमाण मानावे आणि अट्ठकथेला सुत्ताच्या कसोटीवर घासावे. जो निकष दुर्वासाच्या शापाला, तोच निकष आपल्या अट्ठकथेला.

दगड काय सांगतो

कथांच्या शेजारी शिलालेख ठेवले की चित्र अधिक स्पष्ट होते. नाशिक हे या प्रदेशातील सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. लेण्यांतील शिलालेख मात्र त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे देतात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नासिककरांच्या धंभिक गावाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. नाशिक हे नाव इतके जुने आहे, परंतु नाकाची गोष्ट त्या लेखांत कोठेही नाही.

पांडवांचे काय? तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील प्रसिद्ध लेख आहे. त्यात आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाची तुलना ती राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी करते, आणि ते लेणे भद्रायनीय भिक्खुसंघाला दान देते. महाभारताचे वीर या डोंगरावर खरोखरच आले आहेत, पण ते उपमा म्हणून. लेणी त्यांनी खोदली नाहीत. ती कोणी खोदवली हे दगड नावानिशी सांगतो. पुढे भिक्खू गेले, लिपी वाचता येईनाशी झाली, आणि उरलेली मोठी नावे लेण्यांना चिकटली. पांडवलेणी हे नाव म्हणजे कोणा एकाचा कट होता असे म्हणण्यास पुरावा नाही. ते विस्मरण आहे. परंतु विस्मरणानेही मालकी बदलते, हे विसरून चालणार नाही.

याच डोंगरावरील एका लहान लेण्यात मुगुदास या दात्याचे नाव आहे. त्याला दासक म्हटले आहे, आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ मासेमार असा केला आहे. त्याने सपरिवार ते लेणे संघाला दिले. आता कालिदासाच्या नाटकातील मासेमार आठवा. माशाच्या पोटात सापडलेली अंगठी विकावयास गेला म्हणून शिपाई त्याला चोर समजून बांधून आणतात, त्याच्या धंद्याची टवाळी करतात, आणि तो बिचारा जन्माने आलेला धंदा निंद्य असला तरी सोडू नये, असे स्वतःच म्हणतो. एका बाजूला जातिधंद्याचे समर्थन ज्याच्याच तोंडी घातले आहे असा निनावी धीवर. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नावाने पाषाणात लेणे खोदविणारा मुगुदास. कोणत्या वाङ्मयाने श्रमिकाला नाव दिले आणि कोणत्या वाङ्मयाने त्याला विनोदाचा विषय केले, हे येथे समोरासमोर दिसते.

परंतु दगड आपल्या सोयीचेच बोलतो असे समजू नये. त्रिरश्मीवर लेणे देणारा नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावांचीही यादी देतो. त्याच यादीत शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथील रामतीर्थाचा उल्लेख आहे. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवली ही कथा अर्थातच इतिहास नाही. परंतु सोपाऱ्यात एक ब्राह्मणी तीर्थ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत अस्तित्वात होते, हे मान्य करावे लागते. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत, आणि परंपरेनुसार पुण्ण थेरांनी त्याच सुनापरान्त प्रदेशात धम्म पोहोचविला. तसेच मुरबाडच्या नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहा. त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे; त्यात बुद्ध नाही. एकाच राजघराण्यातील नागनिका यज्ञांची यादी कोरविते आणि बलश्री संघाला लेणे देते. तो काळ असा होता. त्याचा अर्धा भाग लपवून आपले काही भले होणार नाही.

सोपाऱ्याच्या स्तूपाची हकिगत तर फारच बोलकी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले, तोपर्यंत गावकरी त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या पेट्या, सोन्याच्या पेटीत मातीच्या पात्राचे लहान तुकडे, आणि भोवती मैत्रेयासह आठ बुद्धमूर्ती निघाल्या. बुद्ध विसरला गेला होता, पण लोकांच्या आठवणीत राजा म्हणून उरला तो बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या जातीतला. या लोककथेचा निश्चित अर्थ सांगणे कठीण आहे. तरीही क्षत्रिय-ब्राह्मणांच्या नामावळीत न बसणारा राजा या मातीने लक्षात ठेवला, एवढी नोंद आम्ही अवश्य करू.

आपल्या बाजूचे स्थलपुराण

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्या काही लेखकांनी दंतकथेचे उत्तर दंतकथेने देण्याचा मार्ग पत्करला आहे. नावात वज्र आले की वज्रयान, आणि देवी म्हटली की तारा किंवा वज्रयोगिनी, असे समीकरण मांडले जाते. वज्रेश्वरीच्या बाबतीत असेच म्हटले जाते. तेथील प्रचलित कथा इंद्राच्या वज्राची आहे. वसिष्ठाच्या यज्ञात आपला अपमान झाला म्हणून इंद्राने वज्र फेकले आणि देवीने ते गिळले, असे ती सांगते. गरम पाण्याच्या कुंडांचा संबंध मारलेल्या राक्षसांच्या रक्ताशी लावला जातो. ती कुंडे भूगर्भातील भेगांतून वर येणाऱ्या उष्ण पाण्याची आहेत, हे उघड आहे. मंदिराचा ऐतिहासिक धागा वसईच्या मोहिमेशी पोहोचतो. चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तो फेडला गेला, अशी परंपरा आहे. इंद्राची कथा कल्पित आहे, एवढ्यावरून देवी बौद्ध होती असे सिद्ध होत नाही. वज्र हा शब्द ऋग्वेदातही आहे. मूर्तिलक्षण, शिलालेख किंवा उत्खनन यांपैकी काही हाती येईपर्यंत तो दावा दावाच राहील.

याउलट लोनाडचे उदाहरण घ्या. तेथील लेणे बौद्ध विहार आहे, हे त्याच्या रचनेवरून अभ्यासकांनी ठरवले आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यात आज खंडेश्वरी देवीची पूजा होते. येथे आपल्याला कल्पनेची गरजच नाही. पुरावा डोंगरात उभा आहे. खऱ्या पुराव्याची ठिकाणे दुर्लक्षित राहतात आणि संशयास्पद ठिकाणांवर भाषणे होतात, हे चित्र उलटे झाले पाहिजे. प्रत्येक कच्चा दावा पक्क्या दाव्याची किंमत कमी करतो. उद्या लोनाडविषयी आपण बोलू लागलो की ऐकणारा म्हणेल, हे तर सगळ्यांनाच बौद्ध म्हणतात.

बाबासाहेबांची पद्धत येथे स्मरणात ठेवावी. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी पंढरपूरचे मंदिर मूळचे बौद्ध असल्याचे मत मांडले, आणि ते सिद्ध करण्यासाठी आपण प्रबंध लिहिणार असल्याचेही सांगितले. ६ डिसेंबर १९५६ पर्यंतच्या धावपळीत तो प्रबंध झाला नाही. अनुयायांनी त्यातील मत उचलले, प्रबंधाची जबाबदारी मात्र उचलली नाही. बाबासाहेबांना स्वतःचे मतदेखील पुराव्याविना पुरेसे वाटत नव्हते, हा त्या प्रसंगाचा खरा धडा आहे.

हा वाद कशासाठी?

दगडांच्या आणि पोथ्यांच्या या वादाने आमच्या मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न सुटणार आहे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नाशिकनेच दिले आहे. पंचवटीत राम राहिला, ही कथा काळाराम मंदिराच्या प्रतिष्ठेचा पाया. २ मार्च १९३० रोजी त्या मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांचे संघटन यांच्या बळावर तो काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली, ती याच नाशिक जिल्ह्यात. कथा केवळ कथा नसते. ती दरवाजावरचा पहारेकरीही होऊ शकते. कोणाची कथा कोणत्या जागेला चिकटली आहे, यावरून त्या जागेवर कोणाचा हक्क आणि कोणाचा मज्जाव, हे ठरत आले आहे. म्हणून कथेची चिकित्सा हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे.

कालाम लोकांना तथागतांनी जे सांगितले ते अंगुत्तर निकायात सर्वांना वाचता येते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका. आणि हा श्रमण आमचा गुरू आहे एवढ्यावरूनही स्वीकारू नका. या उपदेशाचा पहिला भाग आपण इतरांना ऐकवतो. दुसरा भाग आपल्यासाठी आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. कोणतेही स्थलपुराण समोर आले की चार प्रश्न विचारावेत. ते कोणत्या जुन्या ग्रंथावर उभे आहे? तो ग्रंथ ती घटना कोठे सांगतो? कथेच्या या रूपात कोणाचा दोष झाकला गेला आणि कोणाचा श्रम? आणि जवळच्या दगडावर काय कोरले आहे? हेच चार प्रश्न आपल्या वक्त्याने केलेल्या दाव्यालाही विचारावेत. वाशिंद, शहापूर, मुरबाड परिसरातील उपासक-उपासिकांनी वर्षावासात कट्ठहारी जातक आणि वसलसुत्त शेजारी शेजारी ठेवून वाचावे. लोनाडला जावे, तेथे पूजा करणाऱ्यांशी वाद न घालता लेणे नीट पाहावे, त्याची रचना समजून घ्यावी आणि मुलांना समजावून सांगावी. नाणेघाटही पाहावा आणि तेथे यज्ञांची यादी आहे, हे न बिचकता सांगावे. बाजाराच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री दिसली, तर जातकाने जिला राजासमोर खरे ठरवले ती हीच, हेही मुलांच्या कानी घालावे.